तरतूद होते, खर्चही होतो, मग काम का अडतं? सरकारी पैशाच्या व्यवस्थापनातल्या सुधारणा, सोप्या भाषेत

२०१६-१७ साली मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ३७,०५२ कोटी रुपयांचा होता. पुढच्याच वर्षी तो २५,१४१ कोटींवर आला. सुमारे १२ हजार कोटींची, म्हणजे जवळपास एक तृतीयांश घट. पालिका काही कंगाल झाली नव्हती. तेव्हाचे आयुक्त अजोय मेहता यांनी वर्षानुवर्षं फुगत गेलेल्या तरतुदी छाटल्या आणि वर्षभरात खरोखर खर्च होऊ शकेल तेवढीच रक्कम कागदावर ठेवली.

तरतूद फुगते त्यामागे साधा हिशेब असतो. अर्थसंकल्पात नाव लागलं की काम ‘मंजूर’ वाटतं. त्यामुळे प्रत्येक खातं जास्त मागतं, प्रत्येक लोकप्रतिनिधीला आपल्या भागातलं काम यादीत हवं असतं, आणि नाही म्हणण्यापेक्षा थोडी थोडी रक्कम टाकणं सोपं जातं. एखाद्या पुलाला ४० कोटी लागणार असतील तर पहिल्या वर्षी दोन-तीन कोटी टाकून लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातली त्या कामाच्या नावाची ओळ, जिवंत ठेवलं जातं. अशी शेकडो कामं साठली की अर्थसंकल्प नुसती इच्छांची यादी होऊन बसतो. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हा निर्णय मग त्या पुस्तकात होतच नाही. तो होतो वर्षभर फायलींवर, ज्याच्या मागे जोर जास्त त्याच्या बाजूने.

म्हणून आकडा खाली आणणं हीच त्या वर्षीची मोठी सुधारणा होती. कुठलंही नवं सॉफ्टवेअर नाही, नवा कायदा नाही. आर्थिक व्यवस्थापनातली सुधारणा ओळखण्याची आमची कसोटी एकच आहे: तिच्यातून निघालेल्या आकड्यामुळे पुढचा निर्णय बदलतो का? बदलत असेल तर तेवढ्याच पैशात जास्त रस्ते, जास्त पाणी, जास्त वर्ग मिळतात. बदलत नसेल तर जुनंच काम नव्या स्क्रीनवर चालू राहतं.

पैशाची साखळी

सरकारी पैसा साधारण या क्रमाने फिरतो: अंदाजपत्रक, निधीवाटप, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, प्रत्यक्ष काम आणि त्याचं मोजमाप, देयक, लेखानोंद, लेखापरीक्षण. लेखापरीक्षणातून जे कळतं ते पुढच्या अंदाजपत्रकात यायला हवं, म्हणजे वर्तुळ पूर्ण होतं. आजवर झालेल्या बहुतेक सुधारणा यातल्या एखाद्या कडीवर आहेत. ई-निविदा ही निविदेची कडी, बीम्स ही संगणक प्रणाली राज्याच्या निधीवाटपाची, पीएफएमएस ही प्रणाली केंद्राच्या पैशाची वाट दाखवणारी, द्विनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी लिहिणं) ही लेख्यांची. एक कडी पक्की केली आणि शेजारची सैल राहिली की ताण तिथे जातो. ई-निविदेने पेटीत लिफाफे टाकायला येणाऱ्यांना अडवण्याचे प्रकार थांबवले हे खरं, पण निविदेच्या अटीच एखाद्याच्या मापाने लिहिल्या तर संगणक ते पकडत नाही.

मुंबईत ही साखळी कुठे तुटते ते पाहायचं तर दोन गोष्टी जवळून पाहाव्या लागतात. एक म्हणजे कॅलेंडर आणि दुसरी म्हणजे बिल.

मार्च आणि पावसाळा

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. मुंबईत रस्ता खणण्याचा हंगाम ऑक्टोबर ते मे. म्हणजे कामाचे आठ महिने संपायच्या आत, मध्येच ३१ मार्च येतो. ही साधी वाटणारी गोष्ट फार नुकसान करते.

पाहा कसं ते. पालिकेच्या १८८८च्या अधिनियमानुसार आयुक्तांनी ५ फेब्रुवारीपर्यंत अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडायचं असतं. एप्रिलमध्ये निधी उपलब्ध होतो. पण अंदाजपत्रकात आलेल्या कामाची जागेवर पाहणी, मातीची चाचणी, खालून जाणाऱ्या जलवाहिन्या आणि केबलींचा नकाशा हे तेव्हा तयार नसेल तर मसुदा निविदा जुलै-ऑगस्टशिवाय होत नाही. निविदा सप्टेंबरात निघाली, एखाद्या ठेकेदाराने तक्रार केली, मुदतवाढ मिळाली, की कार्यादेश डिसेंबरात. त्यानंतर वाहतूक पोलिसांची ना हरकत. ती टप्प्याटप्प्याने मिळते, कारण एका विभागातले सगळे रस्ते एकदम बंद करता येत नाहीत. प्रत्यक्ष खणाई जानेवारीच्या मध्यावर. हातात उरले साडेचार महिने, त्यातले अडीच या आर्थिक वर्षातले.

आता मार्च जवळ आला. खर्च झाला नाही तर तरतूद वाया जाते आणि पुढच्या वर्षी “तुम्हाला दिलेलं खर्च झालं नाही” म्हणून कात्री लागते. मग खर्च दाखवायची घाई सुरू होते. साहित्य जागेवर आणून त्याचं बिल काढणं, अपुऱ्या कामाचं मोजमाप पुढे रेटणं, सोपी आणि पटकन होणारी कामं पुढे घेणं. पेव्हर ब्लॉक बदलायला आठवडा लागतो, पर्जन्यजल वाहिनी टाकायला तीन महिने. मार्चमध्ये कोण जिंकणार हे उघड आहे. राज्य सरकारच्या पातळीवर वर्षअखेरीचा पैसा स्वीय प्रपंजी खात्यांत (अधिकाऱ्याच्या नावे पैसा बाजूला ठेवायच्या खात्यांत) काढून ठेवण्याची सवय याच घाईतून आली. कागदावर खर्च झालेला असतो, प्रत्यक्षात पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेला असतो.

यावर केंद्राने नियमाने बंधन घातलं. शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या अंदाजाच्या ३३ टक्क्यांहून जास्त आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च करायचा नाही. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमावलीत तर वर्षअखेरीचा खर्चाचा धडाका हा आर्थिक औचित्याचा भंग मानला आहे. नियम चांगला आहे, पण तो शेवटच्या टोकाला लावलेला ब्रेक आहे. खरा उपाय वर्षाच्या सुरुवातीला आहे. २०१७ पासून केंद्राचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसाऐवजी १ तारखेला मांडला जातो. हेतू हा की ३१ मार्चच्या आत सगळी मंजुरी पूर्ण व्हावी, लेखानुदानावर, म्हणजे तात्पुरत्या खर्चमंजुरीवर, दोन महिने काढावे लागू नयेत आणि १ एप्रिललाच खात्यांच्या हातात पूर्ण वर्षाचा निधी असावा. पूर्वी जूनमध्ये पैसा मोकळा व्हायचा तेव्हा देशाच्या मोठ्या भागात पाऊस सुरू झालेला असे.

मुंबईच्या हंगामाला जुळणारी शिस्त अशी असायला हवी: पाहणी आणि नकाशे आदल्या वर्षाच्या पावसाळ्याआधी, तांत्रिक मंजुरी एप्रिल-मेमध्ये, निविदा पावसाळ्यात, कार्यादेश सप्टेंबरअखेर, यंत्रं १ ऑक्टोबरला जागेवर. यासाठी एकच गोष्ट लागते, ती म्हणजे कामाची तयारी पूर्ण झाल्याशिवाय अंदाजपत्रकात मोठी रक्कम न टाकणं. ज्या कामाची जागाच ताब्यात नाही त्याला पूर्ण तरतूद देणं म्हणजे तयार असलेल्या दुसऱ्या कामाचा पैसा अडकवणं. दोन-तीन वर्षं चालणाऱ्या कामांसाठी पुढच्या वर्षांची बांधिलकी स्वतंत्र रकान्यात दाखवायची. म्हणजे या वर्षी कार्यादेश देताना पुढच्या वर्षीचा पैसा आधीच किती बांधला गेलाय ते समोर दिसतं. नव्या पुलाचं भूमिपूजन करताना तो रकाना कोणीतरी उघडला पाहिजे.

एका बिलाचा प्रवास

समजा एका विभागात गटार आणि पदपथाचं काम चालू आहे आणि ठेकेदाराचं १ कोटीचं चालू देयक (काम सुरू असतानाच झालेल्या भागाचं बिल) निघालंय, जीएसटी वेगळा. सगळ्यात आधी कनिष्ठ अभियंता जागेवर मोजमाप घेऊन मोजमाप पुस्तिकेत नोंदवतो: लांबी, रुंदी, खोली, परिमाण. याला कार्यालयात सगळे ‘एमबी’च म्हणतात. वरचे अधिकारी ठरावीक टक्के नोंदी स्वतः तपासतात. गुणवत्ता चाचण्यांचे अहवाल जोडले जातात. मग देयक लेखा विभागात जातं, तिथे तरतूद, करारातले दर, आधी दिलेल्या रकमा ताडून पाहिल्या जातात.

त्यानंतर कपाती. ठेकेदार कंपनी असेल तर आयकर २ टक्के, म्हणजे २ लाख. जीएसटीची मुळातून कपात २ टक्के, २ लाख. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, १ लाख. अनामतीपोटी ५ टक्के राखून ठेवले तर ५ लाख. हातात ९० लाख. ते ५ लाख दोषदायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत) संपल्यावर परत करायचे. हा ५ लाखांचा तुकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथपर्यंत सगळं ठीक. अडचण येते वेळेची. एमबीतली नोंद उशिरा झाली, चाचणी अहवाल एका सहीसाठी थांबला, लेखा विभागाने तीन त्रुटी तीन वेगवेगळ्या दिवशी काढल्या, तरतूद संपली म्हणून पुनर्विनियोजनाची (दुसऱ्या शीर्षातला पैसा वळवण्याची) वाट पाहावी लागली, तर देयक सहा महिने सहज जातं. ठेकेदाराने मजुरांना आणि सिमेंटवाल्याला पैसे वेळेवर दिलेले असतात. बँकेचं कर्ज १२ टक्क्यांनी असेल तर सहा महिन्यांचा भार ६ टक्के. १० कोटींच्या कामावर ६० लाख रुपये. ज्याला ठाऊक आहे की इथे बिलं सहा महिने अडकतात, तो हे ६० लाख कुठून तरी भरून काढणार. एक तर दरात टाकेल. दर खाली ठेवावाच लागला तर सळई आणि सिमेंटमध्ये काढेल. आणि जो हे दोन्ही करू शकत नाही तो चांगला, लहान, स्वतः जागेवर उभा राहणारा ठेकेदार निविदाच भरणं सोडून देतो. स्पर्धेत मग तेच ते तीन-चार जण उरतात.

सार्वजनिक क्षेत्राच्या आर्थिक कामगिरीवर सर्वांत थेट परिणाम करणारी सुधारणा कुठली, असं विचारलं तर आमचं उत्तर हेच: देयकाची वेळ बांधून द्या आणि ती मोजा. एमबीतली नोंद ते बँकेत जमा, या प्रत्येक टप्प्याची तारीख प्रणालीत आपोआप उमटली पाहिजे. त्रुटी काढायच्या तर सगळ्या एकदम, एकाच कागदावर. आल्या क्रमाने देयक निघायला हवं, म्हणजे रांग मोडण्यासाठी कोणाला भेटावं लागणार नाही. बिल अडवण्याची सत्ता ज्याच्या हातात असते त्याच्या टेबलावरच भ्रष्टाचाराला जागा मिळते. तारीख दिसू लागली की ती जागा आक्रसते.

पडून राहिलेला पैसा

दुसऱ्या टोकाला उलटा आजार आहे. पैसा निघालेला असतो, पण वाटेत खात्यांत पडून असतो. केंद्र पुरस्कृत योजनांचे पैसे पूर्वी केंद्राकडून राज्याला, राज्याकडून संचालनालयाला, तिथून जिल्ह्याला, मग तालुक्याला असे जायचे. प्रत्येक पायरीवर एक बँक खातं. प्रत्येक खात्यात थोडी शिल्लक. केंद्राच्या हिशेबात पैसा ‘दिला’ म्हणजे खर्च झाला. प्रत्यक्षात तो कुठल्यातरी शाखेत, आणि त्याच वेळी सरकार बाजारातून कर्ज काढतंय. १०० कोटी सहा महिने असे पडून राहिले आणि सरकार ७ टक्क्यांनी कर्ज घेत असेल तर साडेतीन कोटींचं व्याज फुकट गेलं.

१ जुलै २०२१ पासून प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच नोडल संस्था आणि तिचं एकच मुख्य खातं ठेवायची पद्धत लागू झाली. खालच्या यंत्रणांना शून्य शिल्लकेची खाती आणि खर्चाची मर्यादा मिळते. बिल झालं की पैसा मुख्य खात्यातून थेट जातो. पुढची पायरी म्हणजे एसएनए-स्पर्श, ज्यात पैसा शेवटच्या क्षणापर्यंत रिझर्व्ह बँकेतच राहतो.

यात काय बिघडतं तेही माहीत हवं. बिल तयार करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा असे वेगळे लॉगिन असतात. अधिकारी बदलून गेला आणि नव्या अधिकाऱ्याची डिजिटल सही नोंदवली गेली नाही तर अख्ख्या तालुक्याची देयकं थांबतात. योजनेतल्या घटकाची जोडणी चुकीच्या लेखाशीर्षाशी झाली तर मर्यादा शिल्लक दिसते पण बिल पुढे सरकत नाही. ३१ मार्चला मर्यादा संपते आणि नवी यायला वेळ लागला तर एप्रिल-मेमध्ये मानधनावरच्या कर्मचाऱ्यांना पगाराची वाट पाहावी लागते. व्याज वाचवणारी सुधारणा आशा सेविकेच्या मानधनावर बेतता कामा नये. बदलीच्या आदेशासोबतच डिजिटल सही हस्तांतरित करण्याची तारीख लिहिली तरी निम्मा त्रास मिटेल.

ठेवी किती, देणी किती

मुंबई महापालिकेच्या बँक ठेवींवर सतत वाद होतो. २०२२च्या सुमारास त्या ९० हजार कोटींच्या पुढे होत्या. एक बाजू म्हणते एवढे पैसे पडून का, दुसरी म्हणते ठेवी मोडू नका. दोघंही ताळेबंदाची एकच बाजू वाचतात.

रोख पद्धतीच्या हिशेबात पैसा आला की जमा, गेला की खर्च. मघाचे ठेकेदाराचे ५ लाख आठवा. ते पालिकेकडेच आहेत म्हणून शिल्लक वाढलेली दिसते, पण ते पालिकेचे नाहीत, परत द्यायचे आहेत. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतनाची तजवीज, ठेकेदारांच्या अनामती हे सगळं त्या ठेवींत मिसळलेलं असतं. उपार्जित तत्त्वावरच्या, म्हणजे पैसा हातातून जायची वाट न पाहता देणं लागू होताच ते नोंदवणाऱ्या, द्विनोंदी पद्धतीत या रकमा देण्यांच्या बाजूला उभ्या राहतात. तेव्हाच कळतं की मोकळा पैसा किती, आणि मग चालू प्रकल्पांची उरलेली देणी त्याच्या शेजारी ठेवून बोलता येतं.

मुंबईकराला हे आपल्या हौसिंग सोसायटीच्या हिशेबावरून पटकन समजेल. बँकेत ४० लाख आहेत म्हणून कोणी मेंटेनन्स कमी करत नाही, कारण त्यातले सिंकिंग फंडाचे वेगळे, दुरुस्तीचे वेगळे, आणि लिफ्टचं आयुष्य तीन वर्षांत संपणार आहे हे सेक्रेटरीला माहीत असतं. लिफ्टची दरवर्षी होणारी झीज म्हणजेच घसारा. महापालिकेच्या जलवाहिन्या, पंप, पूल यांचा घसारा लेख्यांत दिसला तर दुरुस्तीची तरतूद करायला आधार मिळतो. नाही दिसला तर नवा पूल मंजूर होतो आणि जुन्याचं बेअरिंग बदलायला पैसे राहत नाहीत.

देशात शहरांसाठीची राष्ट्रीय लेखासंहिता २००४ मध्ये आली. २००५च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेने द्विनोंदी पद्धत ही निधी मिळण्याची अट केली. अट आली तशी पळवाटही आली. अनेक शहरांत रोजचा हिशेब जुन्याच रोखवहीत राहतो आणि वर्षअखेरीला एखादी सनदी लेखापालांची फर्म त्याचं द्विनोंदीत रूपांतर करून देते. कागद अटीला पुरतो, पण अभियंत्याला किंवा आयुक्ताला त्याचा वर्षभरात काही उपयोग होत नाही. मूळ दुखणं मालमत्ता नोंदवहीचं आहे. कुठल्या रस्त्याखाली कुठल्या व्यासाची, कुठल्या साली टाकलेली वाहिनी आहे हे लिहिलेलंच नसेल तर तिचा घसारा कशावर काढणार? मुंबईत तर शंभर वर्षांहून जुन्या वाहिन्या अजून पाणी वाहतात. नोंदवही पूर्ण करायला लेखापाल पुरत नाही, त्याच्याबरोबर जल खात्याचा जाणता मुकादम लागतो.

या विषयात न्यूझीलंडचं नाव हमखास निघतं. तिथे १९८९च्या कायद्याने सरकारी खाती उपार्जित पद्धतीवर आली. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९८८ मध्ये, दुसऱ्या कायद्याने खातेप्रमुखांना माणसं नेमण्याचे आणि खर्च ठरवण्याचे मोकळे अधिकार दिले होते आणि त्या बदल्यात ठरलेलं काम करून दाखवण्याची जबाबदारी टाकली होती. नव्या हिशेबातून आलेला आकडा वापरायची मुभा तिथल्या माणसाला होती. आपल्याकडे साहाय्यक आयुक्ताला विभागाचा खर्च अचूक कळला तरी एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात पैसा वळवायला त्याला वरच पाहावं लागतं. आणि जिथे रोजची रोखवही वेळेवर जुळत नाही तिथे उपार्जित लेख्यांची घाई करू नये. आधी बँक ताळमेळ दर महिन्याला, मग देण्यांची यादी, मग मालमत्ता, हा क्रम पाळावा.

जकात गेली त्यानंतर

उत्पन्नाच्या बाजूला मुंबईने सर्वांत मोठा बदल १ जुलै २०१७ला पाहिला. जीएसटी आला आणि जकात संपली. नाक्यांवर रोज जमा होणारा पैसा थांबला आणि त्याऐवजी राज्याकडून भरपाई सुरू झाली, दर वर्षी ८ टक्के चक्रवाढीने. नाक्यांवरची गळती संपली, ट्रकांच्या रांगा संपल्या, आणि पुढच्या वर्षी किती येणार हे आधीच सांगता येऊ लागलं. पण स्वतःचं सर्वांत मोठं उत्पन्न आता दुसऱ्याच्या हातून येतं. शहराचा व्यापार १२ टक्क्यांनी वाढला तरी भरपाई ८ टक्क्यांनीच वाढणार.

म्हणून मालमत्ता करावरची भिस्त वाढायला हवी होती. तिथे २०१०पासून भांडवली मूल्याची, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर कर काढण्याची, पद्धत आहे. तिच्यातले काही नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम केला. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२पासून करमाफी आहे. माफी द्यायची की नाही हा लोकप्रतिनिधींचा निर्णय, पण माफीची किंमत अर्थसंकल्पात ‘सोडून दिलेलं उत्पन्न’ म्हणून दरवर्षी लिहिली जायला हवी. न लिहिलेला खर्च कोणी तपासत नाही.

गाळाचं वजन

कामगिरी मोजायची कशी, याचं उत्तम उदाहरण नालेसफाई. ठेकेदाराला पैसे काढलेल्या गाळाच्या वजनावर मिळतात, म्हणून नियंत्रण वजनकाट्यावर आलं: भरलेला आणि रिकामा डंपर दोन्हींचं वजन, गाडीचा क्रमांक, फोटो, व्हिडिओ, गाळ टाकण्याच्या जागेची नोंद. हे सगळं आवश्यक आहे, कारण आधी डेब्रिज मिसळून वजन वाढवण्याची सोय होती. पण रहिवाशाला हवं असतं पाणी न तुंबणं. टन मोजून पैसे दिले की टन वाढतात. म्हणून त्याच नाल्याच्या ठरावीक ठिकाणी सफाईआधी आणि नंतर तळाची पातळी मोजायची, आणि शेजारच्या सखल भागात किती वेळ पाणी साचलं याची नोंद त्याच ठेक्याच्या फायलीत ठेवायची. पुढच्या वर्षीची निविदा काढताना ती फाइल उघडली तर लेखा आणि काम यांची गाठ पडली.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१५ मध्ये अनेक देशांचा अभ्यास करून मांडलं होतं की सरकारी गुंतवणुकीतून मिळू शकणाऱ्या फायद्यापैकी सरासरी सुमारे ३० टक्के अकार्यक्षमतेत वाया जातो, आणि कामाची निवड, निधी आणि अंमलबजावणी या संस्थात्मक सवयी सुधारल्या तर त्यातला बराचसा भाग परत मिळवता येतो. पालिकेच्या २०२५-२६च्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात निम्म्याहून जास्त रक्कम भांडवली कामांसाठी होती. एवढ्या पैशात दहा टक्क्यांचा फरक पडला तरी तो किती मोठा, याचा अंदाज करा.

चांगल्या लेख्यांमुळे कर्जही स्वस्तात मिळतं. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी विकले. तपासलेले लेखे आणि पतमानांकन नसतं तर हे शक्य नव्हतं. पण त्याच योजनेच्या निविदा नंतर रद्द करून नव्याने काढाव्या लागल्या, आणि व्याज मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतं. पैसा उभा करण्याची कडी पक्की, निविदेची सैल.

स्वतः तपासायचं असेल तर

अंदाजपत्रकाची पुस्तकं पालिकेच्या संकेतस्थळावर असतात. त्यात प्रत्येक लेखाशीर्षासमोर मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने दिसतात. एकाच वर्षाचं पुस्तक पाहून फारसं कळत नाही. तीन वर्षांची शेजारी ठेवा आणि एकाच कामाचा मूळ अंदाज आणि दोन वर्षांनी छापलेला प्रत्यक्ष खर्च ताडून पाहा. १०० ठेवले आणि ३५ खर्च झाले असं तीन वर्षं चालू असेल तर ते काम तयार नसतानाच यादीत आलेलं आहे. सुधारित अंदाजात रक्कम अचानक वाढली असेल तर ती कुठल्या शीर्षातून काढली ते शोधा. बहुधा देखभाल-दुरुस्तीतून गेलेली सापडते.

नंतर लेखापरीक्षण. पालिकेचे स्वतःचे प्रमुख लेखापरीक्षक असतात. कॅगकडून पालिकेच्या ठरावीक कामांची विशेष तपासणी राज्य सरकारने २०२२ मध्ये मागितली होती आणि तिचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात आला. निविदा आणि करारनाम्याशिवाय दिलेल्या कामांवर त्यात आक्षेप होते. आक्षेप वाचताना रकमेपेक्षा तो कितव्यांदा आला आहे ते पाहावं. एकच आक्षेप दर वर्षी येत असेल तर लेखापरीक्षणाची कडी अंदाजपत्रकाला जोडलेलीच नाही.

आणि आपल्या गल्लीतल्या एखाद्या कामाबद्दल माहिती अधिकारात अर्ज करणार असाल तर “कामाची सर्व माहिती द्या” असं लिहू नका, उत्तर मोघम येतं. नेमकं मागा: कार्यादेशाची प्रत आणि तारीख, मोजमाप पुस्तिकेतल्या त्या कामाच्या पानांच्या प्रती, प्रत्येक चालू देयक लेखा विभागात मिळाल्याची तारीख, पैसे अदा झाल्याची तारीख, गुणवत्ता चाचणी अहवाल आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख. शेवटची तारीख विशेष कामाची. ती उलटायच्या आत रस्ता खचला तर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराचा असतो, आणि लेखी तक्रार त्याआधी विभाग कार्यालयात नोंदवलेली असली पाहिजे.